न आल्याचं कारण

"मेल्यांकडे दुसरं गाणं नाही का," टॉप्सी माझ्या कानाशी कुरकुरली. "गेल्या उन्हाळ्यात हेच होतं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यातही हेच."

"गाणं नाही ते आई, नुसती धून आहे."

"म्हणूनच संपत नाही. शब्द असते तर कुठेतरी संपलं असतं."

फोनचा आवाज मोठा करून मी तो टेबलावर ठेवला होता आणि आम्ही तिघी त्याच्याभोवती बसलो होतो. मी खुर्चीवर, म्हातारी टॉप्सी दुधाच्या पालथ्या क्रेटवर, आणि तिची सून कोरल भिंतीला टेकून जमिनीवर. आमच्या कॉर्कवुड गावातल्या दुकानाला लागून ही फोनची खोली आहे. पूर्वी इथं बटाटे साठवायचे. अजूनही दार बंद केलं की वास येतो, म्हणून आम्ही दार उघडं ठेवतो, आणि दार उघडं ठेवलं की कुत्री आत येतात. दुपारपर्यंत मी दुकानात गल्ल्यावर असते आणि दुपारनंतर इथं. सरकारी भत्ता घेणारे इथं येऊन ऑफिसला फोन लावतात, आणि ज्यांना पलीकडच्याचं इंग्रजी जड जातं त्यांच्या वतीनं मी बोलते.

भत्ता नुसता घरी बसून मिळत नाही. काम शोधतोय हे दाखवावं लागतं, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी ऑफिसशी बोलावं लागतं. कॉर्कवुडमध्ये नोकऱ्या दुकानात, शाळेत आणि दवाखान्यात, आणि त्या सगळ्या भरलेल्या आहेत. त्यामुळे काम शोधणं हेच इथलं काम. ते चुकलं तर कारण द्यावं लागतं, आणि ते कारण ऑफिसला मान्य व्हावं लागतं. नाहीतर भत्ता बंद.

इतक्या वर्षांत कारणांच्या बाबतीत सगळं गाव तयार झालंय. गाडी बिघडली हे चालत नाही. गाडी बिघडून वाटेत अडकून पडलो हे चालतं. दात दुखतो हे चालत नाही, दात काढला हे चालतं, पण दवाखान्याची चिठ्ठी हवी. विसरलो असं तर कधीच म्हणायचं नाही, खरं असलं तरी. गावातल्या टेडीनं एकदा सांगितलं होतं की फोनवर साप बसला होता. ते मान्य झालं. साप खरंच बसला होता की नाही ते मला माहीत नाही, पण पलीकडच्या बाईनं फोन ठेवताना "जपून राहा हं" असं म्हटल्याचं मी स्वतः ऐकलंय.

कोरलचं कारण या सगळ्यांपेक्षा सरळ होतं. तिचा नवरा गेला होता. तिनं ऑफिसला फोन न करण्याचं कारण ते, आणि ते कारण तिला सांगता न येण्याचं कारणही तेच.

नवरा गेला की बाई बोलत नाही. धक्क्यानं वाचा बसते तसं नाही, ती इथल्या आदिवासींची रीत आहे. वर्षभर, कधी त्याहून जास्त, तोंडातून शब्द काढायचा नाही. मग एक दिवस नवऱ्याकडच्या बायका येतात, तिच्या ओठांना हात लावतात, आणि तेव्हा तिचं तोंड उघडतं. तोवर बायका हातांनी बोलतात. ओढ्यापलीकडे दुखवट्याचा तळ आहे, तिथं कोरल राहते, आणखी दोन विधवा आहेत तिच्याबरोबर. सगळ्या गावात जास्तीत जास्त चहाड्या तिथंच चालतात, फक्त ऐकू येत नाहीत. हल्ली तरुण पोरी महिना-दोन महिन्यांत बोलायला लागतात, आणि कोणी फारसं काही म्हणत नाही. कोरलला कोणी जबरदस्ती केलेली नव्हती. तिनं स्वतःच मौन धरलं होतं.

दुसरी रीत नावाची. गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही. आणि तेच नाव असलेले जे जिवंत आहेत त्यांचंही घ्यायचं नाही. त्या सगळ्यांना मग कुमंजाई म्हणायचं. दुकानात फुटबॉलच्या संघाचा फोटो लावलाय, त्यात मागच्या रांगेत कोरलच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर मी चिकटपट्टी लावली आहे. ती लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण तो माझा भाऊ लागत होता. मी अ‍ॅडलेडहून आले ती सहा महिन्यांसाठी. इथं आलेली बाई कोणाचीच कोणी नाही, तिच्याशी बोलायचं कसं आणि तिला बसवायचं कुठं, हे टॉप्सीला कळेना. म्हणून तिनं मला मुलगी करून टाकलं. झालं. त्या दिवसापासून तिचा मुलगा माझा भाऊ, कोरल माझी वहिनी, आणि त्याचं नाव माझ्याही जिभेवर यायचं नाही. सहा महिन्यांची आता वीस वर्षं होऊन गेली.

अ‍ॅलिस शहराच्या रस्त्यावर, ओढ्याच्या उतारावर त्याची गाडी उलटली. पाऊस होऊन गेला होता आणि रस्ता खचलेला होता. अ‍ॅलिसला कशाला चालला होता, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी "कामानं" असं सांगितलं. त्या दिवशी सकाळी कोरलनं त्याचा शर्ट इस्त्री केला होता. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

तर आता दुखवट्यात कोरलच्या दोन भेटी चुकल्या होत्या. ऑफिसचा निरोप आला: आज पाचच्या आत मान्य होण्यासारखं कारण मिळालं नाही तर नाव काढून टाकू. मग पुन्हा अर्ज करायचा, आणि त्यासाठी तिनं स्वतःच्या आवाजात मुलाखत द्यायची. म्हणजे आज हे जमलं नाही तर कोरलला बोलावं लागणार होतं, किंवा तिच्या दोन मुलींनी टॉप्सीच्या म्हातारपणाच्या पेन्शनवर जेवायचं होतं. त्या पेन्शनवर आधीच सात जण जेवत होते आणि कुत्री वेगळी.

धून थांबली.

"नमस्कार, मी मिचेल. थांबल्याबद्दल आभार. आज तुमचा दिवस कसा चाललाय?"

"चाललाय," मी म्हटलं. कोरलचं नाव सांगितलं, नंबर सांगितला, मी कोण ते सांगितलं.

"छान. कोरल मॅडम तिथं आहेत का?"

"आहे. माझ्यासमोर बसली आहे."

"मग त्यांना फोन द्याल का? तुम्हाला त्यांच्या वतीनं बोलायची परवानगी आहे एवढं त्यांनी म्हटलं की झालं."

"ती बोलत नाही."

"म्हणजे त्यांना बोलता येत नाही?"

"येतं."

मिचेल तरुण होता, आवाजावरून पंचविशीचा. मागे पुष्कळ लोक एकाच वेळी बोलत होते, मधमाश्यांच्या पेटीसारखं.

"मग त्या बोलायला नकार देत आहेत का? मला इथं तसं लिहावं लागेल."

"नकार नाही. दुखवटा आहे. नवरा गेलाय तिचा. नवरा गेला की बोलत नाहीत."

कोरलनं हात हलवले. मी हसू दाबलं.

"काय म्हणाल्या त्या?" मिचेलनं विचारलं. काहीतरी घडलं हे त्याला कसं कळलं कोणास ठाऊक.

"म्हणतेय, माझा आवाज कुठेतरी ठेवलाय, सापडला की पाठवते."

टॉप्सी खुसखुसली. मिचेलही हसला असावा, कारण त्यानं खोकल्यासारखं केलं. पोरगा वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं, चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तुमची परवानगी मागे एकदा नोंदलेली दिसतेय, ती मी चालवून घेतो. आता मी कारणं वाचून दाखवतो, लागू असेल तिथं हो म्हणा. आजारपण."

"नाही."

"अपघात."

मी टॉप्सीकडे पाहिलं. "तिला नाही झाला."

"घराला आग किंवा पूर."

"नाही. घर आहे, पण रिकामं केलंय. माणूस गेला की घर झाडून बंद ठेवतो आम्ही."

"म्हणजे बेघर?"

"नाही हो. तळावर राहते."

"तळ म्हणजे..." तो टाइप करता करता थांबला. "जाऊ दे. मुलांची किंवा आजारी माणसाची देखभाल. घरात मारहाण. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू."

"हो. तेच. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू."

"मनापासून वाईट वाटलं," मिचेल म्हणाला. ते खरंच वाटल्यासारखं म्हणाला. "मृताचं नाव?"

"कुमंजाई."

"आडनाव?"

मी सांगितलं. कळा वाजल्या, थांबल्या, पुन्हा वाजल्या.

"मॅडम, इथं एक अडचण दिसतेय. या कुमंजाईंचं निधन मार्चमध्ये झालंय."

"तो वेगळा."

"कोरल मॅडमनी तेव्हाही हेच कारण दिलंय."

"तो तिचा चुलत सासरा. तोही गेला."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये पण."

"तो दिराचा मुलगा. मूत्रपिंडानं गेला."

"तिघांचंही नाव कुमंजाई?"

"गेल्यावर."

"आणि आडनावही एकच?"

"इथं अर्ध्या गावाचं एकच आहे."

कोरलनं डोळे मिटून डोकं भिंतीला टेकलं. मागच्या दोन्ही वेळी मीच फोनवर होते. सगळे तसंच सांगतात, कुमंजाई म्हणायचं आणि आडनाव द्यायचं, आणि ते मान्य व्हायचं. एकाच माणसाला ऑफिसनं तीनदा मरू दिलं नसतं, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "चहा उरलाय का गं थोडा?"

"कोण आहे तिथं?" मिचेलनं विचारलं. "दुसरं कोणी ऐकत असेल तर मला नोंद करावी लागते."

"कचऱ्याचा ट्रक चालवणारा आमचा माणूस आहे."

"त्यांचं नाव?"

मी कपाळाला हात लावला. टॉप्सी मान फिरवून भिंतीकडे पाहू लागली. तिचे खांदे हलत होते.

"कुमंजाई," मी म्हटलं.

पलीकडे कळा वाजायच्या थांबल्या.

"हे... हयात आहेत?"

"आहे. म्हणजे चहा मागतोय."

कुमंजाईनं किटलीतून स्वतःच चहा ओतून घेतला, चार चमचे साखर घातली, आणि तो बाहेर पडवीत जाऊन बसला. आपलं नाव असलेला माणूस जाऊन इतके दिवस झाले तरी त्याला अजून नव्या नावाची सवय झालेली नव्हती. हाक मारली की आधी मागे वळून बघायचा.

"मॅडम, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही," मिचेल म्हणाला. "पण यंत्र दाखवतंय. तिसऱ्यांदा तोच माणूस आला की पडद्यावरची चौकट लाल होते. मला त्यांचं खरं नाव टाकावं लागेल."

"ते सांगता येत नाही."

"माहीत नाही?"

"माहीत आहे. भाऊ होता माझा."

"मग..."

"घेत नाहीत. मीही नाही घेऊ शकत."

"चौकट रिकामी सोडली तर पुढचं पान उघडत नाही," तो म्हणाला. हे तो आम्हाला सांगत नव्हता, स्वतःलाच सांगत होता. "मृत्यूचा दाखला आहे का? त्याचा नंबर टाकला तरी चालेल."

"अ‍ॅलिसमध्ये अडकलाय. अपघात होता, चौकशी चालू आहे. यायला वेळ लागेल म्हणाले."

"सांस्कृतिक कारण असा एक पर्याय आहे इथं." त्याचा आवाज जरा उजळला. मग पुन्हा खाली आला. "पण त्याचे दिवस मागच्या दोन वेळांना वापरून झालेत. आणि त्यात कार्यक्रमाचं नाव विचारतात, तो किती वाजता संपला ते विचारतात."

"संपलेला नाही."

"हो, ते आलं लक्षात. मी साहेबांना विचारून येतो, थांबाल का?"

धून पुन्हा सुरू झाली.

"पोरगं कुठं बसलंय?" टॉप्सीनं विचारलं.

"लांब कुठेतरी. थंडीच्या गावात. मागे कोणीतरी हीटर लाव म्हणत होतं."

"आई असेल ना त्याला?"

"असेल की."

"मग तिला विचारून यावं. साहेबाला काय कळतंय."

मी कोरलला चहा दिला. तिनं तो घेतला पण प्यायली नाही. तिच्या केसांत दुखवट्याची पांढरी माती अजून होती, कापलेले केस कानावर वाढून आले होते. तिचे हात मांडीवर पडून होते. कोरलचे हात पडून असले की मला बरं वाटत नाही, जसं एखाद्याच्या घरचा रेडिओ अचानक बंद पडला की वाटतं. लग्न होऊन आली तेव्हा फार बोलायची ती. भाऊ म्हणायचा, बायको नाही केली मी, बातम्या केल्यात.

घड्याळात साडेचार होऊन गेले होते. पाच वाजता मिचेल घरी जाणार, त्याच्या जागी दुसरा कोणी बसणार, आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं. पण पाचनंतर त्याचा उपयोगच नव्हता.

धून मध्येच तुटली.

"मॅडम, आहात ना? साहेब म्हणतात सगळ्यात सोपं म्हणजे कोरल मॅडमनी स्वतः सांगावं. आम्ही ते रेकॉर्ड करू, म्हणजे यंत्राला नंतर कोणी विचारलं तर पुरावा राहील. फार नाही. नवऱ्याचं नाव, आणि वारले एवढंच. दोन-तीन शब्द. मी दुसरं काहीच विचारणार नाही."

"मिचेल, मी मघाशी काय सांगितलं तुला?"

"मला कळतंय मॅडम." त्याचा आवाज खाली आला. "खरंच कळतंय. पण पाचला हे आपोआप बंद होतं, माझ्या हातात राहत नाही. दोन-तीन शब्द. कोणाला कळणार पण नाही."

इथं सगळ्यांना सगळं कळतं, हे त्याला कसं सांगणार. आणि कळायचा प्रश्नच नव्हता.

कोरल माझ्याकडे पाहत होती. तिनं हात जमिनीपासून थोडा वर धरला, मग आणखी थोडा वर. धाकटी मुलगी, थोरली मुलगी. ती भिंतीचा आधार घेऊन उठली आणि टेबलाजवळ येऊन उभी राहिली. तिनं फोनकडे पाहिलं. मग घशात काहीतरी घरघरलं. बरेच दिवस बंद असलेल्या नळातून पाणी यायच्या आधी हवा येते, तसं. तिचे ओठ सुटले.

टॉप्सी उठली. टॉप्सीला उठायला वेळ लागतो, एक हात गुडघ्यावर, एक टेबलावर, आणि मध्ये एकदा थांबून गुडघ्याला शिवी. या वेळी ती कशी उठली मी पाहिलंच नाही. तिचा तळवा कोरलच्या तोंडावर होता.

"तुझं तोंड मी उघडायचंय," ती म्हणाली. "अजून उघडलेलं नाही. बस खाली."

कोरल बसली नाही. तिनं टॉप्सीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, पण तळवा बाजूला केला नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या. मग टॉप्सीनं हळूच हात काढून घेतला आणि कोरलला खांद्याला धरून माझ्या खुर्चीच्या कडेला टेकवलं.

"हॅलो?" मिचेल म्हणाला. "कोरल मॅडम बोलत होत्या का?"

"मी त्याची आई," टॉप्सी म्हणाली.

ती मिचेलच्या भाषेत म्हणाली. टॉप्सीला इंग्रजी येतं. तरुणपणी गुरांच्या फार्मवर गोऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात होती ती, तिथं शिकली. पण ती ते ठेवणीतल्या ताटांसारखं वर ठेवून देते. डॉक्टरसमोर काढत नाही, पोलिसांसमोर काढत नाही. वीस वर्षांत मी चार-पाचदा ऐकलं असेल.

"नमस्कार मॅडम. मी मिचेल."

"माहीत आहे. मघापासून तुझंच ऐकतेय. नाव टाकायची चौकट उघडी आहे का अजून?"

"हो मॅडम."

"मग टाक."

आणि तिनं नाव घेतलं. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव.

मी ते इथं लिहिणार नाही. मी मान खाली घातली, डोळे टेबलाच्या लाकडाच्या रेघांवर ठेवले. कोरलनं चेहरा माझ्या पाठीत खुपसला. पडवीत कुमंजाईचा चमचा कपात फिरत होता, तो थांबला. एवढ्या दिवसांत कोणी न घेतलेलं नाव खोलीत आलं आणि इतकं साधं वाटलं, की वाटलं आता तो दारातून "काय गं" म्हणत आत येईल. कुत्र्यांपैकी एकानं मान उचलून दाराकडे पाहिलं. कुत्री असं कशानंही करतात.

"आभारी आहे मॅडम," मिचेल म्हणाला. बोटं चालू झाली. पलीकडे ते नाव एकेक अक्षरानं चौकटीत बसत होतं. "हो, जुळलं. कोरल मॅडमचे पती. पुढचं पान उघडलं." तो सुस्कारला. "झालंच हे. फक्त मृत्यूची तारीख लागेल, आणि..."

तो थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणजे... ते इथं हयात दिसत आहेत. कोणी कळवलेलं नाही वाटतं."

कोण कळवणार? कळवायचं तर नाव सांगावं लागलं असतं.

"त्यांची एक भेट राहिलेली दिसतेय," मिचेल वाचत होता. समोर दिसत होतं म्हणून वाचत होता, त्यात त्याचा दुसरा हेतू नव्हता. "समक्ष भेट, अ‍ॅलिस कार्यालय, मंगळवार, सकाळी. गैरहजर. त्यानंतर फोन केले, उचलले नाहीत. भत्ता थांबवला. गैरहजेरीचं कारण दिलेलं..."

त्याला मधेच कळलं असावं. वाक्य तिथंच राहिलं. पलीकडच्या मधमाश्याही जराशा लांब गेल्यासारख्या वाटल्या.

कोरलचं कपाळ माझ्या पाठीवर होतं, तिचा श्वास मला कापडातून जाणवत होता. पडवीतला कुमंजाई उठून दारात येऊन उभा राहिला होता, रिकामा कप हातात धरून. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दफनाच्या दिवशी माहीत होतं, तळावर हात बोलायचे तेव्हा ते या जागेला वळसा घालून जायचे. नाव घ्यायचं नाही ही रीत फार जुनी. त्या मंगळवारबद्दल बोलायचं नाही ही दुसरी आम्हीच केली होती, आणि पहिलीच्या मागे लपवली होती.

"सॉरी मॅडम," मिचेल म्हणाला. "ते मी वाचायला नको होतं. त्याचं मी बघतो, तुम्ही काही..."

"काय लिहिलंय तिथं?" टॉप्सीनं विचारलं. "कारण दिलं नाही, असं?"

"हो, पण ते आता..."

"ती चौकट उघडी आहे का?"

"आहे," तो म्हणाला.

टॉप्सी टेबलावर दोन्ही हात टेकून फोनवर वाकली. कोरलकडे तिनं पाहिलं नाही, पण एक हात मागे नेऊन तिचा हात शोधला आणि धरून ठेवला.

"मग लिही. वादळात टेलिफोनचा खांब पडला म्हणून त्याला ठरलेल्या दिवशी फोन करता आला नाही. तुम्ही म्हणालात, ते कारण चालत नाही, स्वतः ये. ओढ्याला अजून पाणी होतं, पण रस्ता चालू म्हणून पाटी लावली होती. हिनं त्याला धुतलेला शर्ट दिला. मी म्हटलं, जा, वेळेवर पोच, नाहीतर परत काहीतरी म्हणतील." ती थांबली, आणि मग हळू, एकेक शब्द सुटा करून, टाइप करणाऱ्याला जमेल असं बोलली. "तो तुमच्याकडेच यायला निघाला होता."